बिनआवाजाची गाडी

पांढरकवड्याच्या बायपासला लागून रजतच्या ट्रान्सपोर्टचं आवार आहे. दोन वर्षांपूर्वी तिथं विजेवर चालणाऱ्या सहा नव्या ट्रकगाड्या आल्या. वणीकडल्या कारखान्यातून सिमेंट उचलायचं, पांढरकवड्याच्या गोदामात टाकायचं, आवारातल्या चार्जरवर गाडी लावायची आणि पुन्हा वणी गाठायची, एवढ्याच कामासाठी त्या घेतल्या होत्या. पहिली गाडी सुरू करायचा मान सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला, लालसिंग राठोडला मिळाला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. लालसिंग वर चढला आणि त्यानं बटण दाबलं. स्टिअरिंगमागं हिरवा दिवा लागला, पण पायाखाली काही थरथरलं नाही. त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला तशी ती अजस्र गाडी झोपेत कूस बदलावी तशी पुढं सरकली.

दहा-पंधरा हात गेल्यावर लालसिंगनं गाडी थांबवली, खाली उतरला आणि चाकाला पाठ टेकून जमिनीवरच बसला.

पोरं हसली. म्हाताऱ्याला करंट लागला, असं कोणीतरी म्हणालं. रजत धावत आला. बापाच्या, मारोतरावांच्या मागं धंदा सांभाळणारा हा बत्तीस वर्षांचा मालक लालसिंगला काकाच म्हणायचा.

"काका, काय झालं? तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय," लालसिंग म्हणाला. "आवाजच नाई आला."

"अहो, तेच तर हिचं खास आहे."

"हो," लालसिंग म्हणाला आणि बराच वेळ तिथून उठला नाही.

लालसिंग घाटंजीच्या पुढं, जंगलाच्या कडेला असलेल्या वाघदरा तांड्यातला. बंजारा माणूस. त्याच्या पणजोबाच्या आधीचे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशोदेशी न्यायचे, राजांच्या फौजांनाही पोचवायचे. त्याला तांड्यात लदेणी म्हणत. रेल्वे आली, लदेणी संपली, लोक जंगलाच्या कडेला बसले आणि जमीन कसू लागले. लालसिंग मात्र एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला आणि तिथं त्याला ड्रायव्हरच केलं. त्याची आई सगळ्यांना सांगत सुटली होती की पोरगा पुन्हा लदेणीवर गेला. बावीस वर्षं फौजेच्या गाड्या चालवून तो हवालदार होऊन परतला, तेव्हापासून पांढरकवड्याला ट्रकवर होता. त्याची बायको सुखीबाई तांड्यातलं शेत पाहायची. पोरगी राखी लग्न होऊन दिग्रसला गेली होती. वरवर पाहिलं तर या माणसाला काही दुखणं नव्हतं.

जे होतं ते १९९९ सालचं होतं.

त्या जूनमध्ये लालसिंग सत्तावीस वर्षांचा होता. द्रासच्या बाजूला डोंगरमाथ्यावर शत्रू बसलेला आणि खालून जायला एकच रस्ता. दिवसा त्या रस्त्यावर काही हललं की वरून तोफांना खबर जायची, म्हणून दारूगोळ्याच्या गाड्या अंधारात, दिवे न लावता जायच्या. लालसिंगच्या गाडीवर जोडीला धम्मरत्न नगराळे होता. आर्णीचा, त्याच्याच जिल्ह्यातला, त्याच्याहून वर्षभर लहान. दोघं जेवताना वऱ्हाडीत बोलायला लागले की बाकीची पोरं म्हणायची, यांचं भांडण सुरू झालं. धम्मरत्नचं लग्न होऊन सात महिने झाले होते. बायको कौसल्या आर्णीला सासरी होती, पोटुशी होती.

त्या पहाटे माल उतरवून परत येताना एका वळणावर रस्त्याची कड खचली आणि मागचं चाक बर्फाच्या चिखलात गेलं. उजाडायला अर्धा तास उरला होता.

"लाल्या, इंजन बंद कर," धम्मरत्न म्हणाला. "गाडी राहू दे इथंच. त्या खडकामांगं बसू दिवसभर. अंधार पडला का कोनी ना कोनी ओढून काढते."

लालसिंगला गाडी सोडून बसणं पटलं नाही. आपण काढू शकतो, असं त्याला वाटलं. "दोन मिनिटं. तू फक्त खाली उतरून चाकाले दगड लाव," तो म्हणाला. धम्मरत्न उतरला. लालसिंगनं पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला. त्या अरुंद दरीत इंजिन असं गर्जलं की त्याच्या स्वतःच्या कानांना दडे बसले. गाडी हलली नाही. त्यानं पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबत असताना पहिला गोळा पडला, लांब. दुसरा जवळ. तिसरा धम्मरत्नच्या बाजूला.

धम्मरत्न त्यानंतर वीस मिनिटं जगला.

फौजेच्या कागदावर तारीख, जागा आणि 'शत्रूच्या गोळाबारीत' एवढंच आलं. बाकीचं सांगायला एकटा लालसिंग उरला होता. सुट्टी मिळाल्यावर तो आर्णीला गेला, तेव्हा कौसल्या आठव्या महिन्यात होती. विहारात लोक जमले होते. तिनं विचारलं, कसं झालं. लालसिंग म्हणाला, धम्मा गाडी चालवत होता, मी बाजूला होतो, गोळा त्याच्या अंगाशी पडला, त्याला काही कळलंही नाही. हे त्यानं घरून ठरवून नेलं नव्हतं. तिच्याकडे पाहताना तोंडातून निघून गेलं. मग ते तसंच राहिलं. विहाराच्या भिंतीवर धम्मरत्नच्या फोटोखाली रंगानं लिहिलं गेलं: चालत्या गाडीवर कर्तव्य बजावताना. पोरगी झाली, तिचं नाव दीपा ठेवलं. दर जूनमध्ये त्या तारखेला लालसिंग आर्णीला जायचा, फोटोपुढं मेणबत्ती लावायचा, कौसल्याच्या हातचं जेवायचा आणि परत यायचा. पंचवीस वर्षांत एकही जून चुकला नाही.

तर असा हा माणूस त्या दिवशी चाकाला टेकून बसला होता. गाडी सुरू झाली आणि आवाज आला नाही, तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट आली. ही असती तर.

नंतर मात्र त्यानं त्या गाडीचा ध्यास घेतला. कंपनीचा माणूस शिकवायला आला तर बाकीचे जांभया द्यायचे, लालसिंग प्रश्न विचारायचा. भरल्या गाडीनं चढावर थांबून पुन्हा उठवली, तर ती डिझेलच्या गाडीसारखी रडत नाही, हे त्यानं ताडून पाहिलं. धूर नाही. उतारावर ब्रेक न मारता गाडी स्वतःच वेग आवरते आणि उलट बॅटरी थोडी भरते. रिकाम्या रस्त्यावर तो काच खाली करून जायचा आणि रातकिड्यांचा आवाज ऐकायचा. सुखीबाईला त्यानं एकदा सांगितलं, "तोफेवाल्याले कळलंच नसतं, आमी तिथं हाओ म्हनून." नवऱ्याच्या झोपेत अजूनही इंजिन गरजतं, हे तिला ठाऊक होतं.

२०२५ चा मे आला. सीमेवर पुन्हा गोळाबारी सुरू झाली. आवारातल्या टीव्हीपुढं ड्रायव्हर लोक ताटं घेऊन बसत. चार दिवसांत ते थांबलं, पण रजतच्या डोक्यात एक गोष्ट शिरली. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की लढाईच्या वेळी सरकार लोकांच्या गाड्या ताब्यात घेऊ शकतं. मग आपणच पुढं होऊन विजेच्या गाड्या का देऊ नयेत? नागपूरला एक निवृत्त कर्नल होते, फौजेला माल पुरवणाऱ्यांना सल्ला द्यायचे. रजत त्यांना भेटून आला.

"काका, साहेब जुलैत गाडी पाहायला येत आहेत," तो म्हणाला. "खरी चाचणी घेणार म्हणाले. गाडी तुम्हीच चालवायची. तुम्ही फौजी, तुमचा शब्द ते मानतील. जमेल ना?"

"जमते म्हंजे?" लालसिंग म्हणाला. इतक्या वर्षांत रजतनं त्याला असं बोलताना पाहिलं नव्हतं. "मी तं स्वतः घेऊन जाईन तिथं. म्हना त्याईले."

जूनमधली तारीख आली. लालसिंग आर्णीला गेला. कौसल्या आता सत्तेचाळिशीची होती, अंगणवाडीत काम करत होती. दीपा तिथल्याच शाळेत शिकवायची, ती त्या दिवशी प्रशिक्षणाला यवतमाळला गेली होती. जेवण झाल्यावर लालसिंगला राहवलं नाही. त्यानं गाडीचं सगळं सांगितलं. आवाज नाही, धूर नाही, फौजेत गेली तर पोरांचे जीव वाचतील.

कौसल्यानं हात पुसत ऐकलं. मग म्हणाली, "अशी गाडी असती तं हे वाचले असते का, लालसिंगभाऊ?"

"वाचला असता, वहिनी. नक्की."

"म्हंजे आवाजानं गेले ते?"

लालसिंगनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुमी कदी सांगितलं नाई हे," ती म्हणाली. "गाडी तं तेच चालवून राह्यले होते ना? म्हंजे त्याईच्याच हातानं झालं म्हना."

हे ती रागानं म्हणाली नाही. एक गोष्ट आज कळली, ती जागेवर ठेवून द्यावी, तशी म्हणाली. लालसिंग सांगायला म्हणून पुढं सरकला. दारात शेजारीण आली, तिनं काहीतरी विचारलं, कौसल्या तिच्याशी बोलायला उठली. लालसिंग एसटीला उशीर होतो म्हणून निघाला. बसमध्ये बसल्यावर त्याला समजलं की आपण आज धम्मरत्नला दुसऱ्यांदा मारलं.

तरी त्यानं एक आशा धरली. चाचणी पार पडू दे, गाड्या जाऊ दे तिकडं, मग आपण कौसल्याला खरं सांगू. निदान हातात काहीतरी असेल.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नलसाहेब आले. सत्तरीचे, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. दोन दिवस पाऊस होऊन गेला होता. गाडीत दहा टन वाळूची पोती भरली. पांढरकवड्याहून घाटंजी, तिथून आर्णी, आर्णीजवळ शेतांमधल्या आडवाटेनं जायचं आणि मग परत, असं ठरलं. साहेब लालसिंगच्या शेजारी बसले, रजत मागून जीप घेऊन निघाला.

सुरुवात चांगली झाली. जंगलातल्या चढावर साहेबांनी मुद्दाम गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा उठवायला सांगितली. गाडी निमूट चढली. "वा," साहेब म्हणाले. वाघदऱ्याच्या फाट्यापाशी एक म्हातारी छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध चालली होती. ती तांड्यातली रामीबाई होती, हे लालसिंगनं पाठीवरूनच ओळखलं. गाडी तिच्या पाठीशी दोन हातांवर येऊन थांबली तरी तिला पत्ता नव्हता. हॉर्न वाजवल्यावर ती दचकून ओल्या गवतात पडली. लालसिंगनं उतरून तिला उठवलं. तिनं त्याला दोन शिव्या दिल्या आणि निघून गेली.

"शत्रूला ऐकू येत नाही, तसं आपल्या माणसांनाही नाही," साहेब वहीत लिहीत म्हणाले.

घाटंजीला चहाला थांबले तेव्हा रजतनं कौतुकानं फोन दाखवला. नकाशावर एक निळा ठिपका होता. गाडी कुठं आहे, किती चार्ज उरला आहे, कितीदा ब्रेक मारला, सगळं त्यात दिसत होतं.

"हे फक्त तुमच्याकडेच दिसतं का?" साहेबांनी विचारलं.

"कंपनीकडेपण. त्यांनी मनात आणलं तर तिथून गाडी बंदसुद्धा करता येते, चोरीबिरी झाली तर."

"कंपनीचा संगणक कुठं आहे?"

रजतला ते माहीत नव्हतं. साहेबांनी पुढं विचारलं नाही. लालसिंग मात्र हातातला कप तसाच धरून त्या ठिपक्याकडे पाहत राहिला. अंधारात दिवे न लावता गेलेल्या त्या सगळ्या गाड्या त्याला आठवल्या. इथं तर गाडी स्वतःच ओरडून सांगत होती की मी इथं आहे. आवाज होत नव्हता, एवढंच.

आर्णीच्या अलीकडं गाडी पांदणीत घातली. पांदण म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी मातीची वाट. खाली काळी माती, वर दोन दिवसांचा पाऊस. लालसिंगला ती माती लहानपणापासून ठाऊक होती. तिथं बैलगाडीही जपून घालावी लागते. आणि या गाडीच्या पोटात नुसती बॅटरीच दोन टनांच्या वर होती. शंभर पावलं गेल्यावर मागची चाकं बसली. लालसिंगनं अलगद पुढं-मागं करून पाहिलं. चाकं फिरत होती आणि गाडी खाली जात होती. काही आवाज नाही. नुसती माती चपचप करत होती. शेवटी त्यानं पाय काढून घेतला.

"दगड लावू का खाली?" रजत मागून चिखल तुडवत येत म्हणाला.

"तू खाली जाऊ नको," लालसिंग एकदम म्हणाला. "चाकापाशी कोनी जायचं नाई."

रस्त्याच्या कामावरचं पोकलेन आणायला तीन तास लागले. डिझेलचं ते धूड धूर ओकत, दोन कोसांवर ऐकू जाईल असं गरजत आलं आणि त्यानं गाडी ओढून काढली. आर्णीत पोचले तेव्हा चार्ज एकतीस टक्के होता. तेवढ्यात पांढरकवडा येत नव्हतं. एका ओळखीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चार्जर लावायची सोय करून ठेवली होती, पण गावातली लाईन दुपारपासून गेलेली. रजतनं फोन फिरवून एक जनरेटर मिळवला. तो ट्रॅक्टरवर आला, सोबत डिझेलचे दोन ड्रम. फटफट सुरू झाली आणि विजेची गाडी डिझेल पिऊ लागली.

जिनिंगच्या शेडमध्ये लालसिंग आणि साहेब बाकावर बसले. बाहेर रिपरिप चालू होती.

"तुम्ही द्रासला होता ना, हवालदार?"

"हो साहेब."

"रजतनं सांगितलं. तुमचा जोडीदार गेला तिथं." साहेबांनी वही मिटली. "मला खरं सांगा. तेव्हा ही गाडी तुमच्याकडे असती, तर?"

हा प्रश्न लालसिंगनं स्वतःला शेकडो वेळा विचारला होता, उत्तरही तयार होतं. ते ओठांवर आलं नाही. तो मनातल्या मनात तो रस्ता पुन्हा चालवून पाहू लागला. डेपोपासून किती मैल, किती चढ. थंडीत चार्ज तिसऱ्या हिश्शानं तरी उतरणार. वाटेत थांबून भरायचं कुठं? तिथं वीज नेणारी तार गोळ्यांनी केव्हाच तुटलेली. जनरेटर न्यायचा तर डिझेलचा टँकर आधी न्यायला हवा, मग टँकरच जाऊ दे की. खचलेल्या कडेवर हे ओझं आणखी खोल गेलं असतं.

"माझे जुने लोक बैलावर धान्य न्यायचे साहेब," तो शेवटी म्हणाला. "फौजेले. बैल वाटंनं चरते. डिझेल डब्यात भरून पाठीमांगं टाकता येते. इले मात्र गोठ्यातच यावं लागते दाव्याले." त्यानं जनरेटरकडे पाहिलं. "ही गाडी तिथं पोचलीच नसती. त्या वळनाच्या लय आदीच थांबलो असतो."

"आणि तो वाचला असता?"

"आमी पोचलोच नसतो तं वाचला असता. पन वर पोरं बसली होती, त्याईले गोळे कोनी नेले असते?"

साहेबांनी मान हलवली. "शिवाय त्यांनी आवाज ऐकून मारलं की धूर पाहून, की नुसतं अंदाजानं, हे तुम्हाला कुठं माहीत आहे? त्या दिवसांत ते त्या रस्त्यावर सतत गोळे टाकत होते."

हे लालसिंगला कोणीच कधी म्हटलं नव्हतं. म्हणणार कोण? कोणाला खरं ठाऊकच नव्हतं. त्याला वाटलं, हे ऐकून आपल्याला हलकं वाटायला हवं. वाटलं नाही. धम्मरत्न इंजिन बंद कर म्हणाला होता, ते तर आवाजानं मारो की धुरानं, तसंच राहत होतं. उलट एवढे दिवस उराशी धरलेली 'ही असती तर' तेवढी हातून गेली.

"तुम्ही काय पाहिलं ते लिहून द्या," साहेब म्हणाले. "तुमच्या भाषेत. मी माझ्या कागदाला जोडतो."

चार दिवसांनी रजतनं एक छापील कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं की गाडी सर्व प्रकारच्या रस्त्यांवर, सर्व हवामानात समाधानकारक चालली, खाली चालकाची सही. लालसिंगनं तो वाचून परत दिला आणि खिशातून स्वतःचा काढला. वहीची दोन पानं होती. डेपोपासून शेवटच्या चौकीपर्यंत, आठ-दहा किलोमीटरचं अंतर असेल, मागं वीज असेल, तर लहान विजेची गाडी चांगली, जखमी आणायला तर फार चांगली. ही मोठी गाडी कामाची नाही. ठिपका दिसतो तो आधी बंद करा. काळ्या मातीत घालू नका. माणसाला चाकापाशी पाठवू नका. असं सगळं त्यानं लिहिलं होतं.

रजतनं ते वाचलं. तो वाईट पोरगा नव्हता. पण या कामावर त्यानं बरंच काही बांधलं होतं.

"काका, तुम्हीच म्हणत होते ना, मी घेऊन जाईन म्हणून?"

"म्हनत होतो."

"मग आता कायले असं करून राह्यले?"

"तिथं तुह्या वयाची पोरं जातीन गाडी घेऊन," लालसिंग म्हणाला. "मी खोटं बोलून एकदा पाह्यलं हाय. ते मिटत नाई."

रजतला त्याचा अर्थ लागला नाही. त्यानं दुसऱ्या एका ड्रायव्हरची सही घेतली. लालसिंगनं आपली पानं टपालानं नागपूरला साहेबांना पाठवली. पुढं त्या कागदांचं काय झालं, ते कोणालाच कळलं नाही. वरून होकार आला नाही, नकारही आला नाही. पोळ्याच्या सुमारास रजतनं लालसिंगला बोलावून, त्याच्याकडे न पाहता, सांगितलं की आता तुम्ही आदिलाबादच्या डिझेल गाडीवर जा. लालसिंग गेला. पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं, त्यानं तो आवाज जरा वेळ ऐकला आणि मग गाडी काढली.

तो आर्णीला गेला तो सप्टेंबरात, कोणतीही तारीख नसताना. कौसल्या अंगणवाडीतून नुकतीच आली होती. अवेळी पाहून ती घाबरली.

"काय झालं भाऊ? सुखीबाई बऱ्या हायेत ना?"

"बरी हाय. तुमी बसा वहिनी. मले सांगायचं हाय."

त्यानं सांगितलं. गाडी मी चालवत होतो. त्यानं बंद कर म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. मीच त्याला खाली उतरवलं. जे जसं झालं तसं, काही न लपवता. कर्नलसाहेब म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही, ते त्याला पळवाटेसारखं वाटलं. कौसल्या भिंतीकडे पाहत ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

"लगेच गेले का?"

"नाई."

"किती वेळ होते?"

"वीस मिनिटं."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी कोसळल्यासारखं झालं. लालसिंगला तेव्हा उमजलं की त्यानं गाडी कोण चालवत होतं हे लपवून स्वतःला वाचवलं होतं, पण 'त्याला काही कळलं नाही' या एका वाक्यावर ही बाई सव्वीस वर्षं उभी होती. ते वाक्य त्यानं आज काढून घेतलं होतं.

"तुमी जा आता, लालसिंगभाऊ," ती म्हणाली.

तो उठला. ती दारापर्यंत आली नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी लालसिंग आवारात गाडीला ताडपत्री बांधत असताना दीपा आली. आर्णीहून दोन बस बदलून आली होती. पंचविशीची, चष्मा लावलेली, नाकडोळे बापाचे. लालसिंगनं तिला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिनं चहा घेतला नाही.

"आई दोन महिने झाले, नीट बोलत नाही," ती म्हणाली. "परवा विहारात गेली आणि फोटोखालचं लिहिलेलं पुसून टाका म्हणाली. लोकांना काही समजेना. मीच थांबवलं."

लालसिंगनं आपला कप बाजूला ठेवला.

"त्या वीस मिनिटांत बाबा काय बोलले?" तिनं विचारलं. "आईला विचारायचं आहे, पण तिला तुमच्याकडे यायचं नाही. म्हणून मी आले."

लालसिंगला वाटलं, इथं एक चांगलं वाक्य बोलता येईल. तुझं नाव घेतलं, तुझ्या आईला सांभाळा म्हणाला. कोण तपासणार होतं? दीपा वाट पाहत होती.

"थंडी वाजून राह्यली म्हने," तो म्हणाला. "दोनदा म्हनला. मी माहा कोट टाकला. मंग पानी मांगितलं. बाटलीतलं गोठलं होतं, मी बर्फ हातात धरून वितळवला, थोडं तोंडात गेलं. मंग बोलला नाई. माह्याकडं पाह्यत होता."

"रागानं?"

"नाई माहीत, बेटा. मले खरंच नाई माहीत."

दीपानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रस्त्यावरून हैदराबादकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते.

"मी सांगते तिला," ती मग म्हणाली. "जसं तुम्ही सांगितलं तसंच."

"जूनमध्ये येऊ का मी?" लालसिंगनं विचारलं.

"तिनं बोलावलं तर फोन करीन."

यवतमाळची बस आली, दीपा चढली. लालसिंग बस दिसेनाशी होईपर्यंत थांबला, मग आवारात येऊन त्यानं ताडपत्रीची उरलेली दोरी आवळली. चार वाजता त्याला आदिलाबादला निघायचं होतं.

जून येऊन गेला. फोन आला नाही. त्या तारखेला लालसिंगनं सुट्टी घेतली आणि दिवसभर तांड्यात घराच्या ओसरीवर बसून राहिला. सुखीबाईनं दोनदा जेवायला बोलावलं. तिसऱ्यांदा ती ताट घेऊन बाहेर आली, ते त्याच्यापुढं ठेवलं आणि तो जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली.